वेगाची किंमत : महाग हार्ड डिस्क घ्यावी की न घ्यावी?

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

अर्थशास्त्राच्या तासाला आम्ही ‘संधी खर्च’ शिकतो. एका गोष्टीवर पैसा घातला म्हणजे त्यापायी दुसरी जी गोष्ट सोडावी लागते, ती पहिल्या गोष्टीची खरी किंमत होय. ही व्याख्या मी परीक्षेत लिहिली आणि तिचे पूर्ण गुणही मला मिळाले. परंतु तिचा अर्थ मला खऱ्या अर्थाने कळला तो एका हार्ड डिस्कमुळे, आणि तोही आईचे पैसे खर्च होऊन गेल्यावर.

संगणकात माहिती साठवण्यासाठी जी हार्ड डिस्क असते ती स्वस्त आणि मंद मिळते, तशीच महाग आणि जलदही मिळते. जास्त पैसे देऊन जलद डिस्क घेणे केव्हा शहाणपणाचे आणि केव्हा वाया जाणारे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. मी कला शाखेची विद्यार्थिनी. यंत्रशास्त्रातले मला जेवढे समजले तेवढेच येथे मांडले आहे. प्रश्न मात्र यंत्रशास्त्राइतकाच अर्थशास्त्राचाही आहे, असे मला वाटते.

माझी चूक

आमचे घर इचलकरंजीतले. वडील यंत्रमागावर कामाला आहेत आणि आई कांड्या भरते. घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. २०२३ साली बारावी झाल्यावर वडिलांनी माझ्यासाठी एक जुना लॅपटॉप घेतला. तो सुरू व्हायला आणि एखादा लेख उघडायला इतका वेळ लावी, की तेवढ्यात चहा होऊन जाई. एका ओळखीच्या मुलाने सांगितले, “ह्यात ५४०० ची डिस्क आहे, ७२०० ची घाल, पळायला लागेल.” मला ५४०० म्हणजे काय आणि ७२०० म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. आकडा मोठा आहे एवढे मात्र दिसत होते. आईची त्या महिन्यात भिशी लागली होती. त्यातले ३,२०० रुपये तिने काढून दिले.

नवी डिस्क बसवली. आधी लॅपटॉप सुरू व्हायला २ मिनिटे ५० सेकंद लागत. आता २ मिनिटे २० सेकंद लागू लागले. आई शेजारी बसून पाहत होती. तिने साधेपणाने विचारले, “मग आता लवकर काय हुतंय?” मला उत्तर देता आले नाही. भिशीचे ते पैसे घराच्या पत्र्यासाठी ठेवले होते, हे मला नंतर समजले. संधी खर्च म्हणतात तो हाच. त्या पावसाळ्यात आम्ही त्याच्याखाली भांडी मांडली.

वडिलांनी त्या वेळी जे म्हटले ते मात्र माझ्या कायमचे लक्षात राहिले. “माग किती पळतोय ते बघू नगंस. किती उभा ऱ्हातोय ते बघ.” यंत्रमागाचा धोटा कितीही वेगाने धावला तरी धागा तुटला की माग थांबतो, कांडी संपली की थांबतो, वीज गेली की थांबतो. दिवसाअखेर कापड किती निघाले हे धावण्याच्या वेगाइतकेच या थांबण्यावर ठरते. ज्या मागाचा निम्मा वेळ कांडीची वाट पाहण्यात जातो, त्याचा वेग वाढवून मालकाच्या पदरात फारसे काही पडत नाही.

माझ्या लॅपटॉपचे नेमके हेच झाले होते. त्यात रॅम, म्हणजे काम चालू असताना माहिती हाताशी ठेवण्याची जागा, केवळ २ गिगाबाइट होती. ती भरली की संगणक उरलेली माहिती डिस्कवर नेऊन ठेवी आणि लागेल तेव्हा पुन्हा आणी. खरी अडचण जागेची होती आणि मी पैसे घातले चाकावर. पुढे स्वतःच्या कमाईतून ६०० रुपयांची ४ गिगाबाइटची जुनी रॅम घातली. तिने जो फरक पडला तो ३,२०० रुपयांच्या डिस्कने पडला नव्हता.

डिस्कच्या आत काय चालते

हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय थर दिलेल्या गुळगुळीत चकत्या एका अक्षावर सतत फिरत असतात. चकतीवर समकेंद्री वर्तुळांत माहिती लिहिलेली असते. एका हलणाऱ्या दांड्याच्या टोकाला वाचणारे शीर्ष असते. एखादी माहिती हवी झाली की दोन गोष्टी घडाव्या लागतात. प्रथम शीर्षाने योग्य वर्तुळावर जायचे आणि मग चकतीवरचा तो भाग फिरत फिरत शीर्षाखाली येईपर्यंत थांबायचे. ५४०० किंवा ७२०० हा आकडा म्हणजे चकतीच्या दर मिनिटाच्या फेऱ्या.

आता हिशेब करू. ५४०० फेऱ्यांची चकती सेकंदाला ९० वेळा फिरते. एका फेरीला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात (मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग). हवा असलेला भाग कधी अगदी जवळ असतो तर कधी नुकताच निघून गेलेला असतो. म्हणून सरासरीने अर्धी फेरी थांबावे लागते, म्हणजे सुमारे ५.६ मिलिसेकंद. ७२०० फेऱ्यांच्या चकतीला हाच काळ सुमारे ४.२ मिलिसेकंद आहे. फरक १.४ मिलिसेकंदाचा. शीर्षाला योग्य वर्तुळावर जाण्यास घरगुती डिस्कमध्ये साधारणपणे ९ ते १२ मिलिसेकंद लागतात आणि चकती जलद फिरली म्हणून तो वेळ आपोआप कमी होत नाही. तात्पर्य, आकडा एकतृतीयांशाने वाढला म्हणून काम एकतृतीयांशाने वाढत नाही.

दुसरीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. एखादी मोठी फीत सलग वाचायची असेल, जसे लग्नाचे चित्रीकरण, तर शीर्षाला फारसे हलावे लागत नाही आणि साधी डिस्कही सेकंदाला शंभराहून अधिक मेगाबाइट देते. परंतु संगणक सुरू करताना हजारो लहान फाइली ठिकठिकाणाहून गोळा कराव्या लागतात. तेव्हा हीच डिस्क सेकंदाला सत्तर-ऐंशी ठिकाणीच जाऊ शकते. ग्रंथालयात एकाच कपाटातली ओळीने शंभर पुस्तके काढणे वेगळे आणि शंभर कपाटांतून एकेक पुस्तक काढणे वेगळे, तसेच हे आहे.

एसएसडी या नव्या प्रकारच्या डिस्कमध्ये फिरणारी चकती नाही आणि हलणारे शीर्षही नाही. माहिती विजेच्या भाराच्या रूपाने चिपमध्ये राहते. कोणताही भाग वाचायला सुमारे एकदशांश मिलिसेकंद किंवा त्याहूनही कमी वेळ पुरतो. लहान लहान फाइलींच्या कामात ५४०० पासून ७२०० पर्यंतची उडी ही पायरी चढण्यासारखी असेल, तर चकतीवरून एसएसडीवर जाणे म्हणजे मजला चढणे आहे.

वेगासाठी जगाने मोजलेले दाम

वेगासाठी पैसा मोजण्याचा हा प्रश्न हार्ड डिस्कइतकाच जुना आहे. आय.बी.एम. कंपनीने १९५६ साली ‘रॅमॅक’ या यंत्राबरोबर पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. तीत २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या, त्या मिनिटाला १२०० फेऱ्या घेत, आणि सारी मिळून ५० लाख अक्षरे मावत. त्या सबंध यंत्राचे भाडे महिन्याला ३,२०० डॉलर होते. आज एका साध्या छायाचित्राला जेवढी जागा लागते तेवढ्यासाठी हे भाडे! तरीही ते देणारे लोक होते. कारण त्यापूर्वी माहिती छिद्रांच्या कार्डांवर आणि चुंबकीय फितीवर असे, आणि मधलीच एक नोंद हवी असेल तर सारा गठ्ठा किंवा सारी फीत पुढे सरकवावी लागे. त्यांनी मोजलेले दाम साठवणुकीपेक्षा थेट हवी ती नोंद काढता येण्याचे होते.

पुढे फेऱ्यांची चढाओढ लागली. सीगेट कंपनीने १९९२ मध्ये ७२०० फेऱ्यांची, १९९६ मध्ये १०,००० फेऱ्यांची आणि २००० मध्ये १५,००० फेऱ्यांची डिस्क आणली. मोठ्या बँका आणि कंपन्या त्या घेत, कारण तेथे एकाच वेळी असंख्य लोकांच्या नोंदी शोधायच्या असतात. २००३ साली वेस्टर्न डिजिटल कंपनीने ‘रॅप्टर’ नावाची १०,००० फेऱ्यांची डिस्क घरगुती संगणकांच्या बाजारात आणली. तीत केवळ ३६ गिगाबाइट मावत, तर ७२०० फेऱ्यांच्या २०० गिगाबाइटच्या डिस्क त्या वेळी मिळत होत्या. फिरण्याचा वेग वाढला की उष्णता, आवाज आणि कंप वाढतो, विजेचा खर्च वाढतो, म्हणून चकत्या लहान कराव्या लागतात आणि जागा घटते. म्हणजे घेणारा एकाच वस्तूसाठी दोनदा दाम मोजत असे, एकदा रुपयांत आणि एकदा जागेत.

मग एसएसडी आली आणि या चढाओढीचा अर्थच बदलला. २००८ साली इंटेल कंपनीने ८० गिगाबाइटची एसएसडी आणली तेव्हा तिची किंमत ५९५ डॉलर ठेवली होती. त्या वर्षी सामान्य माणसाने ती घेऊ नये, हेच उत्तर बरोबर होते. २०२४ साली तिच्या तिप्पट जागेची एसएसडी तालुक्याच्या दुकानात दोन-तीन हजार रुपयांत मिळत होती, म्हणून उत्तरही बदलले. कोणत्या वर्षी आणि कोणत्या भावाने घेता, हे पाहिल्याखेरीज या प्रश्नाला उत्तर नाही.

पाच मिनिटांचा नियम

या विषयाचे वाचन करताना मला एक सुंदर हिशेब सापडला. जिम ग्रे आणि फ्रँको पुत्झोलू या दोन संगणकशास्त्रज्ञांनी तो १९८७ साली मांडला. तो ‘पाच मिनिटांचा नियम’ म्हणून ओळखला जातो. प्रश्न असा होता : एखादी नोंद स्वस्त पण मंद डिस्कवर ठेवावी की महाग पण जलद स्मृतीत ठेवावी?

त्यांनी त्या वेळचे भाव घेतले. १५,००० डॉलरची डिस्क सेकंदाला १५ वेळा नोंद काढून देई. म्हणजे सेकंदाला एक नोंद काढण्याच्या क्षमतेची किंमत १,००० डॉलर. त्यासाठी लागणाऱ्या इतर यंत्रणेचे आणखी १,००० धरून एकूण २,००० डॉलर. उलट, एक किलोबाइटची नोंद स्मृतीत ठेवायला ५ डॉलर लागत. ती नोंद दर सेकंदाला लागत असेल तर ५ डॉलर खर्चून २,००० डॉलर वाचतात. ती ४०० सेकंदांतून एकदाच लागत असेल तर २,००० भागिले ४००, म्हणजे वाचतात ५ डॉलर आणि खर्चही ५ डॉलर. येथे दोन्ही पारडी समान होतात. ४०० सेकंद म्हणजे सहा-सात मिनिटे, त्यांनी त्याला ढोबळमानाने पाच मिनिटे म्हटले. जी नोंद पाच मिनिटांतून एकदा तरी लागते ती महाग जागेत ठेवावी, जी त्याहून क्वचित लागते ती स्वस्त जागेत असू द्यावी. भाव बदलल्यावर १९९७ मध्ये ग्रे यांनी दुसऱ्या एका शास्त्रज्ञाबरोबर हाच हिशेब पुन्हा करून पाहिला.

या हिशेबात मला आवडले ते हे, की त्यांनी ‘कोणती वस्तू उत्तम’ असे विचारलेच नाही. ‘ही वस्तू किती वेळा लागणार’ असे विचारले. आपण वर्गात शिकतो ती सीमांत उपयोगिता याहून वेगळी कोणती?

दुकानातील वही

प्रथम वर्षाला असताना मी संध्याकाळी एका झेरॉक्स व ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात काम करू लागले. दुकानात दोन संगणक. एकावर लोकांचे फॉर्म भरायचे, दुसऱ्यावर पत्रिका, छायाचित्रे वगैरे. २०२४ च्या जून महिन्यात दाखले, प्रवेश आणि शिष्यवृत्तीच्या फॉर्मांची गर्दी झाली. सुट्टी असल्याने मी दिवसभर दुकानात होते. पहिला संगणक फार मंद चाले. दुकानाच्या मालकांना आम्ही काका म्हणतो. ते एकदा वैतागून म्हणाले, “तू कॉलेजला जातीस न्हवं? कुठली डिस्क घ्यायची ते तूच सांग.”

एकदा आईचे पैसे घालवून शिकले होते, म्हणून या वेळी आकडा पाहून सांगायचे नाही असे ठरवले. सहा दिवस मी एक जुनी वही आणि भ्रमणध्वनीतले घड्याळ जवळ ठेवले. प्रत्येक गिऱ्हाइकामागे वेळ कोठे जातो ते लिहीत गेले. सरासरी अशी निघाली :

कागद शोधणे, माहिती विचारून टंकणे – ५ मिनिटे.
संकेतस्थळ उघडण्याची आणि ओटीपी येण्याची वाट पाहणे – ५ मिनिटे.
संगणकाची वाट पाहणे (स्कॅन केलेले उघडणे, छायाचित्र लहान करणे, पीडीएफ बनवणे) – ४ मिनिटे.
एकूण – १४ मिनिटे.

डिस्क कितीही जलद घेतली तरी पहिली दहा मिनिटे तिला कमी करता येणार नाहीत, हे येथेच स्पष्ट झाले. जीन अॅमडाल या शास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये संगणकाविषयी हाच विचार मांडला होता. कामाच्या एका भागाचा वेग वाढवला तर एकूण लाभ त्या भागाच्या वाट्याएवढाच मर्यादित राहतो. माझ्या वडिलांनी मागाविषयी सांगितले ते याहून निराळे नव्हते.

मग उरलेल्या चार मिनिटांत किती वाचेल ते पाहिले. दुकानातल्या दुसऱ्या संगणकात ७२०० फेऱ्यांची डिस्क होती. तीच कामे त्यावर करून पाहिली तेव्हा ३ मिनिटे लागली. काकांच्या पुतण्याकडे एसएसडी बसवलेला साधारण तेवढ्याच जुन्या बनावटीचा संगणक होता. त्यावर एक मिनिट लागले. रॅम दोन्ही ठिकाणी आमच्याएवढीच होती, हे आधी पाहून घेतले होते!

रुपयांचा हिशेब

आमच्याकडे फॉर्ममागे ४० रुपये घेतात. आठ तास म्हणजे ४८० मिनिटे. १४ मिनिटांच्या हिशेबाने दिवसाला ३४ गिऱ्हाइके होतात. अधिक गिऱ्हाइके येतील हे कशावरून? तेही वहीत लिहिले होते. रांग पाहून परत जाणारी माणसे मी रोज मोजत असे. ती आठ-दहाच्या खाली कधी गेली नाहीत.

पहिला पर्याय, ७२०० फेऱ्यांची १ टेराबाइटची डिस्क, भाव ३,८०० रुपये. माणशी १३ मिनिटे लागतील, दिवसाला दोन-तीन गिऱ्हाइके वाढतील, म्हणजे ८० ते १२० रुपये. पैसे वसूल व्हायला एक ते दीड महिना, आणि तोवर गर्दीचा हंगाम सरत येणार.

दुसरा पर्याय, २५६ गिगाबाइटची साधी एसएसडी, भाव १,९०० रुपये, बसवणावळ ३०० रुपये. माणशी ११ मिनिटे, दिवसाला ४३ गिऱ्हाइके, म्हणजे नऊ जास्त आणि ३६० रुपये. पैसे आठवड्याच्या आत वसूल.

तिसरा पर्याय दुकानदाराने मोठ्या आग्रहाने सांगितला होता. तो म्हणजे एनव्हीएमई प्रकारची एसएसडी. ती साध्या एसएसडीच्या पाच-सहापट वेगाने सलग माहिती देते. परंतु आमच्या जुन्या संगणकात ती बसवायची जागाच नव्हती. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम सारे बदलून खर्च १५,००० रुपयांच्या वर जात होता. शिवाय उरलेले एक मिनिट फार तर काही सेकंदांनी घटले असते. चित्रपटांच्या संकलनासारख्या कामात, जेथे प्रचंड फाइली दिवसभर इकडून तिकडे जातात, तेथे हा वेग दाम वसूल करील. उत्पन्नाच्या दाखल्याला त्याचा उपयोग नाही. पहिली भाकरी भूक भागवते, पाचवी उरते. घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत येथे डोळ्यांनी दिसला.

रांगेचा हिशेब

एवढ्यावर हिशेब संपला असता. पण काका म्हणाले, “हंगाम दोन महिन्यांचा. बाकी वर्षभर रांग कुठं असती? तेवढ्यासाठी मशीन कशाला उघडायचं?” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. रांग नसेल तेव्हा तीन मिनिटे वाचून दुकानाला काहीच मिळत नाही. तेव्हा मी वहीचे दुसरे पान काढले.

सकाळी दुकान उघडताना दहाजण रांगेत उभे आहेत असे धरू. माणशी १४ मिनिटे लागली तर दहाव्याचा नंबर यायला १२६ मिनिटे, म्हणजे दोन तासांहून अधिक वेळ जातो. माणशी ११ मिनिटे लागली तर ९९ मिनिटे. पहिल्या माणसाचे काम ३ मिनिटे लवकर संपते, दुसऱ्याचे ६, तिसऱ्याचे ९, असे करत दहाव्याचे ३० मिनिटे लवकर संपते. सर्वांची बेरीज १६५ मिनिटे, म्हणजे पावणेतीन तास. काम करणाऱ्या माझी त्यात फक्त ३० मिनिटे वाचतात.

दुकानाच्या खतावणीत माझी ३० मिनिटे येतात, ती १६५ मिनिटे कोठेच येत नाहीत. आणि आमच्याकडे रांगेत उभे कोण असते? बहुतेक बाया असतात. कांडीवाल्या, घडीवाल्या, शिलाईच्या कामाच्या. त्यांची मजुरी कामावर मिळते, जेवढा वेळ उभ्या राहिल्या तेवढी बुडते. माझ्या शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला काढायचा होता तेव्हा आई अशाच एका दुकानात अर्धा दिवस उभी होती. त्या अर्ध्या दिवसाच्या कांड्यांचे पैसे कोणी कोणाला दिले नाहीत. डिस्क मंद होती की संकेतस्थळ मंद होते, हेही तिला कळायचे कारण नव्हते. पुस्तकात ज्याला बाह्य परिणाम म्हणतात, म्हणजे व्यवहार एकाचा आणि त्याचा भार किंवा लाभ तिसऱ्याच्या माथी, तो मी त्या रांगेत पाहिला.

हे मी काकांना सांगितले. त्यांनी वही हातात घेऊन दोन्ही पाने पाहिली. पुन्हा गिऱ्हाईक आले म्हणून विषय तेथेच राहिला. दोन दिवसांनी ते स्वतः जाऊन एसएसडी घेऊन आले. कोणत्या पानामुळे ते मी विचारले नाही. आठवड्यात वसूल होणारे पैसे त्यांना दिसले असतील, हेच अधिक संभवते.

प्रत्यक्षात काय झाले

एसएसडी बसवल्यावर मी पुन्हा सहा दिवस मोजले. संगणकाची वाट पाहण्याचा वेळ ४ मिनिटांवरून १ मिनिट २० सेकंदांवर आला. माझा अंदाज एका मिनिटाचा होता, तो थोडा चुकला. सरासरी ११ मिनिटे २० सेकंदांची झाली. मात्र त्या सहांपैकी दोन दिवस संकेतस्थळ इतके मंद होते की सरासरी १७ मिनिटांवर गेली. एसएसडी त्या दिवशी काहीही करू शकली नाही. हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे, नाही तर वाचक माझ्या सांगण्यावरून पैसे घालून मलाच दूषण देतील.

जुनी ५४०० ची डिस्क टाकून दिली नाही. ती त्याच संगणकात साठवणीसाठी ठेवली. जुने फॉर्म महिन्यातून एखाद्या वेळी लागतात. पाच मिनिटांच्या नियमाने त्यांची जागा स्वस्त डिस्कवरच. दुसऱ्या संगणकावरील लग्नांची छायाचित्रेही चकतीच्याच डिस्कवर राहिली, कारण त्यांना जागा फार लागते, घाई नसते, आणि दर गिगाबाइटमागे चकतीची डिस्क अजूनही स्वस्त पडते.

एसएसडीलाही मर्यादा आहेत. तिच्यावर किती वेळा लिहिता येईल याला सीमा असते. साध्या वापरात ती सीमा वर्षानुवर्षे पुरते. पण ती बिघडते तेव्हा पुष्कळदा पूर्वसूचना न देता बिघडते आणि आतली माहिती परत मिळवणे अवघड जाते. चकतीची डिस्कही पडली, आपटली तर जाते. म्हणून कोणतीही डिस्क घेतली तरी महत्त्वाच्या कागदांची नक्कल दुसऱ्या ठिकाणी हवीच. जलद डिस्कसाठी जवळचे सगळे पैसे घालून नकलेसाठी काहीच न ठेवणे, हा मला सर्वांत महाग सौदा वाटतो.

समारोप

या साऱ्यातून मी माझ्यापुरते चार प्रश्न काढले आहेत. जलद वस्तू घेण्यापूर्वी ते विचारावेत. पहिला, वेळ खरोखर कोठे जातो, डिस्कवर, रॅमवर, संकेतस्थळावर की आपल्याच टंकण्यावर? दुसरा, ते काम दिवसातून किती वेळा होते? तिसरा, पैसे किती दिवसांत वसूल होतील, आणि तोवर त्या वस्तूचा भाव उतरणार तर नाही? आणि चौथा, वाट पाहणारा कोण आहे, त्याची गणती आपल्या हिशेबात झाली आहे का? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे दुकानदारही देऊ शकेल. चौथा आपणच विचारावा लागतो, कारण रांगेत उभी असलेली बाई काउंटरच्या आत येऊन तो विचारत नाही.

आपल्या महाविद्यालयातही संगणकापुढे रांगा लागतात. परीक्षेचे अर्ज भरताना, ग्रंथालयात पुस्तकांची नोंद पाहताना. नवे यंत्र मागण्यापूर्वी तेथे आठवडाभर एक वही ठेवून पाहावी, अशी माझी प्राध्यापकांना आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींना नम्र विनंती आहे. वही मी देते. दुकानातली वही संपली, तिची शेवटची वीस पाने कोरी उरली आहेत.

आईला यातले काय सांगायचे ते मी पुष्कळ दिवस ठरवत होते. शेवटी दुकानातला हिशेब तिला वाचून दाखवला. दहाव्या माणसाचा अर्धा तास वाचतो हे ऐकून ती म्हणाली, “अर्ध्या तासात पुष्कळ कांड्या हुतात.” भिशीच्या ३,२०० रुपयांचा विषय तिने काढला नाही. ते मी माझ्या पगारातून दरमहा थोडे थोडे करून पत्र्यासाठी बाजूला ठेवत आहे.